माझ्या पोटातले कागद

मी एक जुनी चारचाकी बोलतेय. वय विचारलंत तर खरं सांगेन. लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. विसावं वर्ष सरतंय. रंग निळा. म्हणजे दारांच्या निम्म्यापासून खाली एक निळा आणि वर दुसरा निळा. लांबून तो फरक कळत नाही, आणि जवळ येऊन विचारलंत तर मी तो सांगायला तयार आहे.

माझा जन्म चारचौघींसारखाच झाला. सपाट पत्रे आले, दाबाखाली वाकले, एकमेकांना जोडले गेले आणि मी उभी राहिले. बाहेरून आम्ही गाड्या भरीव वाटतो, पण आमच्या अंगात पुष्कळ पोकळ्या असतात. दारांखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंना पत्र्याची एकेक पोकळ पट्टी असते. तिच्यावरून पाय टाकून तुम्ही आत बसता. दिसायला ती किरकोळ, पण माझा सगळा भार तिच्यावर. तिच्या तळाला करंगळी जाईल एवढी भोकं ठेवलेली असतात, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून.

माझा पहिला मालक फुलवाला होता. मागची सीट काढून तो तिथे फुलांच्या बादल्या ठेवायचा. प्रत्येक वळणावर पाणी हिंदकळायचं आणि माझ्या तळावर सांडायचं. वर रबराची चटई, तिच्याखाली पाणी. मी गुलाबाच्या वासाने घमघमत होते आणि चटईखाली कुजत होते. माणूस प्रेमळ होता. माझी काच तो स्वतःच्या शर्टाच्या बाहीने पुसायचा. पण ती चटई त्याने अकरा वर्षांत एकदाही उचलून बघितली नाही. पुढे त्याचे गुडघे गेले, त्याने दुकान आवरलं, आणि मी शेठच्या आवारात येऊन पडले.

शेठ जुन्या गाड्या घ्यायचा, नटवायचा आणि विकायचा. आवाराच्या मागे एक शेड होती. तिथे पत्र्याचं काम करणारा एक मिस्त्री होता. बुटका, खांद्यांनी रुंद, तोंडाने मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. तो आधी गाडीभर टिचक्या मारत फिरायचा आणि मान कलती करून ऐकायचा. माझ्या दाराखालच्या पट्टीशी आला तेव्हा त्याने टिचकी मारली, मग स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. मग त्याने चटई उचलली. ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट जिथे आवळलेले होते तिथला पत्रा बोटाने दाबला, तर भिजल्या बिस्किटासारखा खचला.

"शेठ, हिचा तळ गेलाय," तो म्हणाला. "कापून नवा पत्रा जोडावा लागेल. आठवडा तरी जाईल."

"आठवडा? परवा गिऱ्हाईक येतंय. पुट्टी मार, रंग मार, मोकळा हो."

"सीटखाली गेलाय हो. नुसतं दिसण्याचं काम नाही हे."

"मिस्त्री, तुला कामावर मी ठेवलंय की तू मला?"

त्या दुपारी मिस्त्रीने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. दुसऱ्या दिवशी तो घरून एक कापडी पिशवी घेऊन आला. पुट्टीला मागून आधार लागतो. पोकळीत काहीतरी कोंबल्याशिवाय ती बसत नाही. पिशवीत जाड खाकी कागद होते. ते चुरगाळून त्याने माझ्या पट्टीत ठासले, त्यावर जाळी लावली, जाळीवर पुट्टी थापली, घासली, रंगवली. सीटच्या बोल्टांखाली एक पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवला, वर डांबरासारखा काळा लेप दिला आणि नवी चटई अंथरली. हाताला इतकी सफाई, की मीच क्षणभर फसले. पुट्टी फिरवताना तळाची ती छोटी भोकंही बुजली.

त्या दिवसापासून मी कोंडले गेले. पाणी यायचं ते यायचंच, दाराच्या रबरातून, काचेच्या फटीतून. पण बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. कागद ते प्यायचे आणि धरून बसायचे. ओल्या कपड्यात गुंडाळून एखाद्याला खोलीत बंद करावं तसं माझं झालं. बाहेरून मी चकचकीत, आत रोज थोडी कमी.

मला एका सिस्टरने घेतलं. ती इस्पितळात बायकांच्या वॉर्डात होती. मी तिची पहिली गाडी. ड्युटी संपली की ती येऊन बसायची, चपला काढायची, डबा उघडायची, आणि इंजिन सुरू न करता दहा मिनिटं नुसती बसून राहायची. एकदा फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "अगं, वॉर्डात मी सगळ्यांची, घरी मी सगळ्यांची. ही गाडी एकच जागा आहे जिथे मला कोणी हाक मारत नाही." मला ते ऐकून फार अभिमान वाटला आणि फार भीतीही वाटली. माझ्या सीटखाली काय आहे ते मला माहीत होतं. सांगायला तोंड नव्हतं.

चौदा महिने मी तग धरला. मग एका सकाळी कोपऱ्यावरून एक हातगाडी अचानक पुढे आली. सिस्टरने जीव खाऊन ब्रेक दाबला. पायाने पुढे रेटलं की पाठ मागे रेटते. बोल्ट तळातून उपसून आले, सीट तिच्यासकट मागे कलंडली, पाय ब्रेकवरून सुटला. हातगाडीवाला उडी मारून वाचला. मी विजेच्या खांबावर गेले. सिस्टरचं उजवं मनगट मोडलं.

मला ओढून परत शेठच्याच शेडमध्ये आणलं. चार दिवसांनी सिस्टर आली, हात गळ्यात बांधलेला.

"सीट अशी कशी निघाली हो?" तिने विचारलं.

शेठने खांदे उडवले. "जुनी गाडी आहे, सिस्टर. जपून चालवायला हवी होती. तुम्ही ब्रेकवर उभ्याच राहिलात असणार. नवशिक्यांचं होतं असं."

ती मिस्त्रीकडे वळली. "मिस्त्री, तुम्ही हाताने काम करता. तुम्हाला कळत असेल. खरं सांगा, माझं काही चुकलं का?"

मिस्त्री माझ्याशेजारी उभा होता. त्याचा हात माझ्या छपरावर होता. शेठ त्याच्याकडे रोखून बघत होता.

"जुना पत्रा आहे, सिस्टर," मिस्त्री म्हणाला.

तिने मान हलवली. "म्हणजे माझंच चुकलं," असं काहीसं पुटपुटत ती निघून गेली. जाताना तिने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

महिन्याभरात मिस्त्रीने शेठची नोकरी सोडली आणि बसच्या आगारात लागला. जाण्याआधी त्याने मला भंगाराच्या भावात विकत घेतलं आणि टेम्पोमागे बांधून घरी नेलं. घराला लागून त्याची एक पत्र्याची खोली होती. माझे आरसे मिटले तेव्हा कुठे मी आत मावले. डावी बाजू भिंतीला टेकली, उजवीकडे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा राहिली. चाकं काढून मला लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, ताडपत्री घातली, दार ओढून घेतलं. मला वाटलं, आता आठ-पंधरा दिवसांत हा मला उघडणार, आतली घाण काढणार, जे तेव्हा केलं नाही ते आता करणार.

सहा वर्षं गेली.

अंधार मला नवा नव्हता. पण चालणाऱ्या गाडीचा अंधार वेगळा आणि ठोकळ्यांवरचा वेगळा. भिंतीपलीकडे मिस्त्रीची बायको शिवणकाम करायची. आजूबाजूचे तिला टेलरबाई म्हणायचे. वर एक झरोका होता, त्यातून तिच्या मशीनचा आवाज यायचा. माझा दिवस त्या आवाजाने सुरू व्हायचा आणि तो थांबला की संपायचा. मधल्या वेळात मी ठिबकणं ऐकायची. ते माझ्याच आत होत होतं.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री यायचा. ताडपत्री अर्धी उचलायचा, उपड्या डब्यावर बसायचा, हत्यारं मांडायचा. स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा, पट्टीवर टेकवायचा आणि तसाच बसून राहायचा. एकदा घासून सुरुवातही केली, तेवढ्यात बायको दारात आली.

"अहो, काय चाललंय?"

"बघतोय."

"गेली चार वर्षं बघताय. पोरगी दाखवायला आणल्यासारखी."

तो हसला नाही. हत्यारं गोळा केली, ताडपत्री ओढली. त्याला माझा गंज काढायचा होता. पण गंजाआड जे ठासलं होतं ते तिच्यासमोर बाहेर काढायची त्याची छाती होत नव्हती. तो माझ्याइतकाच कोंडला होता. फरक एवढाच, की त्याच्या खोलीचं दार त्याला आतून उघडता आलं असतं.

त्याची मोठी बहीण आली की माझ्यावरून थट्टा चालायची. "वहिनी, ही तुझी सवत गं. खायला मागत नाही एवढं नशीब."

"खात नाही, पण जागा किती अडवते बघा ना, ताई," टेलरबाई म्हणायची. "मला मेलीला कापायला टेबल टाकायला जागा नाही, आणि हिला स्वतंत्र खोली."

मग एका आठवड्यात मिस्त्री आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मशीनचाही आवाज बंद. झरोक्यातून नुसता कुलूप उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज. ताईच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी मला कळलं: आगारात काम करता करता तो कोसळला होता. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

दीड महिन्याने खोलीचं दार उघडलं आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला मिस्त्री दिसला. खांदे तेवढेच रुंद, पण उजवा खाली ओघळलेला. त्याला सगळं कळत होतं, शब्द मात्र येत नव्हता. बोलायला गेला की घशातून नुसता 'ग... ग...' निघायचा आणि डोळे भरून यायचे. टेलरबाईने त्याच्या डाव्या हातात त्याचाच एक छोटा पाना दिला होता. खुर्चीच्या दांड्यावर एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. आयुष्यभर पत्र्याशी असंच बोललेला माणूस. आता माणसांशीही तसंच.

तो आजारी असल्याचं ऐकून शेठ घरी आला. चौकशी झाली, चहा झाला, आणि मग तो माझ्याजवळ आला.

"ही पडूनच आहे ना वहिनी? मला द्या. आठ दिवसांत चकाचक करून विकतो. तुम्हालाही औषधपाण्याला हातभार."

मिस्त्रीचा पाना वाजला. दोनदा. पुन्हा दोनदा. मग थांबेचना. खुर्चीच्या दांड्यावरचा रंग उडाला.

"ते नको म्हणताहेत," टेलरबाई म्हणाली.

"अहो, त्यांना काय कळतंय आता?"

"त्यांचं तोंड बंद झालंय शेठ, कान नाहीत."

शेठ कपाळाला आठ्या घालून गेला. ती कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. "विकायची नाही. बरं. मग चालवायची." एक ठोका. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्या वर्षात व्यायाम झाला तरच हातात काही परत येईल. आणि व्यायामाचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. भाड्याच्या गाड्या चाकांची खुर्ची बघितली की पुढे निघून जायच्या. तिला गाडी चालवता यायची. लग्नाआधी भावाची पावाची गाडी तिने दोन वर्षं हाकली होती. "पण मला पत्र्याचं ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगायचं, मी करायचं. जमेल?" एक ठोका, जरा उशिराने.

तिने माझी बॅटरी सोडवली. पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवली. सीट काढली, चटया काढल्या. पाण्याची बादली जवळ ठेवली, तोंडाला फडकं बांधलं, डोळ्यांना चष्मा लावला. मिस्त्री दारात बसून पान्याने दाखवायचा: इथे टोच, तिथे ठोक. खणखणीत वाजलं की सोड, बद्द वाजलं की उघड. दाराखालची पट्टी बद्द वाजली. तिने छिन्नी लावली. पुट्टीचा ताटाएवढा पोपडा निघून खाली पडला, आणि मागोमाग काळं पाणी भळभळलं. सात-साडेसात वर्षांचं. मला काय वाटलं ते कसं सांगू? तुंबलेला श्वास सुटावा तसं.

तिने आत हात घातला आणि एक ओला गोळा ओढून काढला. मग दुसरा. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले.

खाकी कागद कुजतात, पण लवकर नाही. आतल्या गोळ्यातला एक कागद तिने उलगडला. त्यावर शिसपेन्सिलीने काढलेली बाही होती. कडेला तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: बाही साडेनऊ, मुंढा सात, डावा खांदा किंचित खाली.

"हे माझे कागद आहेत," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "पलंगाखालच्या पिशवीतले. सगळी मापं होती यात. मी घर उलथंपालथं केलं होतं. ताईंवर संशय घेतला होता मी, रद्दीत घातले म्हणून. महिनाभर बोलले नव्हते त्यांच्याशी."

ती कागद घेऊन खुर्चीजवळ आली.

"तुम्ही म्हणाला होतात, एका सिस्टरची गाडी आहे, कोणीतरी वाईट काम करून तिच्या गळ्यात मारली. त्या वाईट कामाने तिचा हात मोडला. म्हणाला होतात ना? ते कोणीतरी... हे तुम्ही भरलंत?"

एक ठोका.

"शेठने सांगितलं म्हणून?"

एक ठोका.

"आणि तिला सांगितलंत? नंतर कधी?"

दोन ठोके.

तिने कागद माझ्या बॉनेटवर पसरून ठेवला, चष्मा काढला आणि घरात निघून गेली. जाताना खुर्ची आत नेली. दार लोटलं.

नऊ दिवस मी तशीच होते. कापलेली, उघडी, सीट नाही, तळाला भगदाड. झरोक्यातून मशीन ऐकू यायचं, नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने, जणू एका दिवसात साऱ्या गावाचे कपडे संपवायचे आहेत. बोलणं नाही. जेवायला वाढल्याचा आवाज, ताट उचलल्याचा आवाज. आणि मधूनच, कोणी काही विचारलेलं नसताना, पान्याचा एक ठोका. थोड्या वेळाने पुन्हा एक. हो. हो. हो.

दहाव्या दिवशी दार उघडलं. तिने खुर्ची आणून दारात लावली, चाकांना वीट घातली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला तुमचा राग आलाय आणि तो गेलेला नाही. तरी मी हे करणार. पण गाडी नीट झाली की मी त्या सिस्टरला इथे बोलावणार. तुमच्यासमोर सांगणार. तुम्हाला खुर्चीतून उठून जाता येत नाही म्हणून हे करतेय असं समजू नका. उठता येत असतं तरी केलं असतं. कबूल?"

पाना हवेत थांबला. बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मग एक ठोका.

त्यानंतर कामाला रंग चढला. गंजका पत्रा तिने कापून टाकला, पांढरा सणसणीत पत्रा लागेपर्यंत. भोक जेवढं दिसत होतं त्याच्या तिप्पट झालं. ती घाबरली, पण मिस्त्रीचा पाना सांगत होता: अजून, अजून. मग नवा पत्रा कसा बेतायचा यावर अडलं. तो पान्याने हवेत काहीतरी काढायचा, तिला उमगेना. दोघंही चिडले. शेवटी तिने आतून खाकी कागद, खडू आणि टाचण्या आणल्या, कागद माझ्या भगदाडावर धरला, कडेने खडू फिरवला, चारही बाजूंना दोन बोटं मार्जिन सोडलं आणि कापला.

"कापड काय नि पत्रा काय, आधी कागदच ना?"

मिस्त्रीच्या चेहऱ्याची अर्धी बाजू हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

वेल्डिंगने तिचा घाम काढला. तो मुखवटा तिला मोठा व्हायचा, सारखा नाकावर घसरायचा. पहिल्या दिवशी तिने टाकाऊ पत्र्याला सतरा भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी अकरा. एकाच ठिकाणी थांबलं की पत्रा वितळतो, आणि ती सरळ शिवण मारायला जायची. मिस्त्री पान्याने ताल द्यायचा: ठक, थांब, ठक, थांब. मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे धावदोरा नाही. आधी कच्चे टाके, लांब लांब. मग मधले." पत्र्याचं काम करणारेही वेल्डिंगच्या ठिपक्याला टाकाच म्हणतात, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी ते टाके मोजले. सीटखालच्या जाड पत्र्यालाच दोनशे बारा.

टाके घासले, लाल रंगाचा थर दिला, जोडांवर चिकट लेप भरला. पुट्टी लावली ती फक्त कागदाएवढी पातळ. तिने डब्यातून जास्त काढली की दोन ठोके. तिने माझ्या तळाची भोकं खिळ्याने एकेक मोकळी केली आणि आत तेल सोडलं. रंगाच्या दुकानात माझा निळा मिळाला नाही, जवळचा मिळाला. तिने तो तसाच लावला. "जोड आहे तर जोड दिसू दे," म्हणाली.

गाडीच्या जुन्या कागदपत्रांत सिस्टरचा पत्ता होता. टेलरबाई स्वतः बसने जाऊन तिला घेऊन आली. काय सांगून आणलं, मला माहीत नाही.

सिस्टर दारात उभी राहिली. केस बरेच पांढरे झाले होते. माझ्याकडे बघून तिने उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. तिचं तिलाही कळलं नसावं. टेलरबाईने वाळलेला कागद तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. न सजवता, न रडता. शेठचं नाव घेतलं, नवऱ्याचंही घेतलं, आणि त्याला झाकलं नाही. मग सिस्टर मिस्त्रीसमोर गेली.

"मी त्या दिवशी तुम्हाला एक विचारलं होतं."

टेलरबाई उत्तर द्यायला पुढे झाली. सिस्टरने हात वर केला. "त्यांना सांगू द्या. मिस्त्री, माझं चुकलं होतं का?"

त्याने पाना उचलला. हातातून निसटून पडला. बायकोने तो उचलून दिला नाही, कारण तो बोलायचा प्रयत्न करत होता. मान ताणली, शिरा तटतटल्या, 'ग... ग...' झालं, आणि मग तो उघड्या डाव्या हाताने माझ्या दारावर मारू लागला. दोनदा. थांबला. दोनदा. नाही. नाही.

सिस्टर त्या उपड्या डब्यावर बसली. "मी त्यानंतर गाडी चालवलीच नाही हो. रस्ता ओलांडताना गाडी दिसली तरी मला घाम फुटतो. घरचे म्हणतात, तुला झेपत नव्हतं तर घ्यायचीच कशाला? मीही तेच म्हणते. आज सहा वर्षं मीच मला म्हणतेय. हातगाडीवाला मेला असता तर, या विचाराने कित्येकदा ताटावरून उठलेय." तिने मनगट पुढे धरलं. "मनगट दीड महिन्यात जुळलं, मिस्त्री. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर बाकीचंही जुळलं असतं."

मिस्त्री रडत होता. पुसायलाही कोणी पुढे झालं नाही.

"मी माफ केलं, असं म्हणायला मला जमणार नाही," ती उठत म्हणाली. "आज तरी नाही." टेलरबाईने माझी किल्ली तिच्यापुढे धरली, म्हणाली, गाडी तुमचीच आहे. सिस्टरने नकारार्थी मान हलवली, कागद पर्समध्ये ठेवला आणि गेली.

खांबावर चेमटलेलं तोंड सरळ झालं, नवी बॅटरी आली, चाकं चढली, आणि पुढच्या आठवड्यात मी त्या खोलीतून बाहेर पडले. ऊन अंगावर आलं तेव्हा मला काही सुचेना. तपासणीच्या आवारात साहेबाने माझ्याखाली घुसून टिचक्या मारल्या, हातोडी मारली, सीट गदागदा हलवली आणि विचारलं, "काम कोणी केलंय?" टेलरबाई म्हणाली, "आम्ही दोघांनी." तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी मिस्त्रीला व्यायामाला नेते. त्याच्या उजव्या अंगठ्यात थोडी हालचाल आली आहे. वाचा आलेली नाही. घरी दोघं बोलतात. म्हणजे ती बोलते आणि तो ठोकतो. तिचा राग अजून पुरता उतरलेला नाही. कधीकधी नुसतं 'चहा हवा?' विचारलं तरी त्यात तो ऐकू येतो.

आणि आज दुपारी सिस्टर आली. कोणी बोलावलेलं नव्हतं. चपला जमिनीवर घासत फाटकाशी बराच वेळ उभी होती. मग आत येऊन टेलरबाईला म्हणाली, "गल्लीच्या टोकापर्यंत. फक्त पहिल्या गिअरमध्ये. तुम्ही शेजारी बसा, पण काही बोलू नका." मिस्त्री खुर्चीत बसून बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. सीटवर बसण्याआधी तिने दोन्ही हातांनी ती हलवून पाहिली. एकदा. पुन्हा एकदा.

आता आम्ही गल्लीच्या टोकाशी आहोत. इथवर दोनदा इंजिन बंद पडलं. तिचे तळवे ओले आहेत, मला ते स्टिअरिंगवर कळतात. पुढे मोठा रस्ता आहे आणि ठरल्याप्रमाणे इथून मागे वळायचं होतं. पण ती वळत नाहीये. डावा पाय क्लचवर दाबून ती समोर बघतेय, आणि टेलरबाई ओठ घट्ट मिटून, दिलेला शब्द पाळत, शेजारी बसली आहे.

मागून हॉर्न वाजवणाऱ्या भल्या माणसा, तुला उशीर होत असेल, कबूल आहे. पण जरा दम धर. बाईंना दुसरा गिअर टाकायचाय.